‘रेसिप्रोकेट’ कसे वापरावे आणि मराठीत कसे आणावे

इंग्रजीतल्या ‘रेसिप्रोकेट’चा अर्थ समोरून जे आले त्याच जातीचे काहीतरी परत देणे. ‘आय विल रेसिप्रोकेट यू’ हे वाक्य मी इतक्या आभारपत्रांत आणि कार्यालयीन निरोपांत पाहिले आहे की, आता ते चूक म्हणून कोणाच्या डोळ्यांना खुपतही नसावे. दुसरीकडे, हाच शब्द मराठीत आणताना डोळे झाकून ‘परस्पर’ लिहिले जाते आणि वाक्याचा अर्थ कधीकधी पार उलटा होऊन बसतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कोणी, कोणाला, काय आणि कशाच्या बदल्यात दिले हे न ठरवताच शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द उचलून वाक्यात बसवला जातो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. मराठी प्रतिशब्द निवडण्याचा टप्पा मुद्दाम उशिरा ठेवला आहे, कारण घाईने तिथेच उडी मारणारे लोकच सर्वांत जास्त चुकतात.

सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

आधी या शब्दाची भावंडे ओळखून घ्यावीत. ‘रेसिप्रोकेट’ हे क्रियापद आहे. ‘रेसिप्रोकल’ हे विशेषण असून गणितात ते नाम म्हणूनही येते. ‘रेसिप्रोकली’ हे क्रियाविशेषण, तर ‘रेसिप्रॉसिटी’ हे भाववाचक नाम. ‘रेसिप्रोकेशन’ असेही एक नाम आहे, पण ते रोजच्या लिखाणात क्वचितच लागते. ‘रेसिप्रोकेटिंग’ हे रूप बहुधा यंत्रांच्या संदर्भात भेटते.

उच्चाराकडे एकदाच लक्ष दिले तरी पुरते. क्रियापद आणि विशेषण या दोन्हींत आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘सिप’वर येतो आणि पुढचा ‘प्रो’ इतका हलका होतो की इंग्रज माणसाच्या तोंडून तो ‘प्र’सारखाच ऐकू येतो. नामात मात्र आघात सरकून ‘प्रॉ’वर जातो. स्पेलिंगमधला दुसरा ‘सी’ क्रियापदात ‘क’ वाजतो आणि नामात ‘स’, त्यामुळे ‘रेसिप्रोकिटी’ असा उच्चार करू नये. स्पेलिंग लिहिताना पहिल्या ‘सी’च्या जागी ‘एस’ घालण्याची चूक सर्रास होते. आर, ई, सी, आय, पी, आर, ओ, सी, ए, टी, ई अशी अकरा अक्षरे एकदा हाताने लिहून काढली की ती चूक सहसा पुन्हा होत नाही.

तिसरी तयारी म्हणजे कागद आणि पेन्सिल. हे हसण्यावारी नेऊ नये. पुढचा टप्पा मनातल्या मनात उरकणारे लोक दोन बाणांऐवजी एकच बाण पाहतात, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

टप्पा 1: दोन बाण काढा

ज्या प्रसंगाबद्दल लिहायचे आहे त्यातल्या दोन बाजू कागदावर लिहाव्यात. पहिल्याकडून दुसऱ्याकडे काय गेले त्याचा एक बाण काढावा आणि त्या बाणावर गेलेल्या गोष्टीचे नाव लिहावे. मग दुसऱ्याकडून पहिल्याकडे काय आले त्याचा बाण काढून त्याही बाणावर नाव लिहावे. दोन्ही बाण निघाले, दुसरा पहिल्यामुळेच निघाला आणि दोन्हींवरची नावे एकाच जातीची असली, तर ‘रेसिप्रोकेट’ वापरायला हरकत नाही.

एकच प्रसंग घेऊन हे पाहू. तुम्ही आजारी असताना एका सहकाऱ्याने आठवडाभर तुमचे काम सांभाळले. पुढच्या महिन्यात तो रजेवर गेला तेव्हा तुम्ही, त्याने केले होते म्हणून, त्याचे काम सांभाळले. तिकडून मदत आली, इकडून मदत गेली. हे ‘रेसिप्रोकेट’चे चोख उदाहरण आहे. आता यात थोडे थोडे बदल करावेत. तुम्ही त्याला फक्त मनापासून धन्यवाद दिले, तर तो प्रतिसाद झाला. मदतीच्या बाणासमोर मदतीचा बाण आलेला नाही. तुम्ही त्याला त्या आठवड्याचे पैसे मोजून दिले, तर तो मोबदला झाला. तुम्ही त्याच्याऐवजी कार्यालयात नव्याने आलेल्या तिसऱ्याच माणसाला मदत केली, तर चांगुलपणा पुढे सरकला, पण जिथून आला तिथे परतला नाही. आणि तुम्ही दोघांनी मिळून तिसऱ्या सहकाऱ्याचे काम उचलले असेल, तर दोन्ही बाण एकाच दिशेने गेले; ती सहकार्याची गोष्ट आहे, परत देण्याची नव्हे.

तपासा: दोन्ही बाणांवरची नावे एकाच जातीची असावी लागतात, त्यांचे माप सारखे असण्याची गरज नाही. त्याने आठवडाभर काम सांभाळले आणि तुम्ही दोनच दिवस सांभाळले, तरी शब्द चालतो. ‘तेवढेच परत केले’ हा हिशेबी अर्थ या शब्दाच्या अंगी आपोआप येत नाही. वाक्यात बरोबरीच सांगायची असेल, तर ती वेगळ्या शब्दांनी सांगावी लागते.

सावधान: ‘म्युच्युअल’ हा शेजारचा शब्द अनेकदा याच्या जागी घुसतो. ‘म्युच्युअल रिस्पेक्ट’ म्हणजे दोघांच्याही मनात एकमेकांबद्दल असलेला आदर. तिथे आधी कोण, नंतर कोण हा प्रश्नच येत नाही. ‘म्युच्युअल फ्रेंड’ म्हणजे दोघांचाही सामाईक मित्र, त्याला ‘रेसिप्रोकल फ्रेंड’ म्हटले तर कोणालाच काही कळणार नाही. दोन शब्दांच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात हे खरे, विशेषतः करारांच्या भाषेत. तरीही शंका आली की मी एकच कसोटी लावतो: स्थिती सांगायची असेल तर ‘म्युच्युअल’, उलट टाकलेले पाऊल सांगायचे असेल तर ‘रेसिप्रोकेट’.

टप्पा 2: शब्दाचे रूप ठरवा

बाण निघाल्यावर वाक्यात भर कशावर आहे ते पाहावे. एका बाजूने काय केले हे सांगायचे असेल तर क्रियापद घ्यावे. दोन्ही बाजूंना बांधणारी व्यवस्था सांगायची असेल, म्हणजे करार, सवलत, मान्यता किंवा बंधन, तर ‘रेसिप्रोकल’ हे विशेषण घ्यावे. तत्त्वाबद्दल बोलायचे असेल तर ‘रेसिप्रॉसिटी’. या टप्प्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. फक्त नामाचा सोस टाळावा. ‘देअर वॉज नो रेसिप्रॉसिटी फ्रॉम हिज साइड’ असे जडशीळ वाक्य लिहिण्याऐवजी ‘ही डिड नॉट रेसिप्रोकेट’ म्हटले की काम होते.

टप्पा 3: क्रियापदापुढे माणूस बसवू नका

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यामागे आपल्या मराठीचाच हात आहे. मराठीत आपण ‘त्याला प्रतिसाद दिला’, ‘तिची परतफेड केली’ असे म्हणतो. माणसाला विभक्ती लागते आणि तो क्रियेच्या अगदी जवळ येऊन बसतो. तीच घडण इंग्रजीत नेली की ‘रेसिप्रोकेटेड हिम’ किंवा ‘रेसिप्रोकेटेड टू हर’ तयार होते. इंग्रजीत या क्रियापदाचे कर्म माणूस नसतो. समोरून जे आले ते कर्म असते. स्नेह, आदरातिथ्य, विश्वास, भेट, भावना यांपैकी काहीतरी तिथे यावे लागते.

म्हणून ‘शी रेसिप्रोकेटेड हिज अफेक्शन’ बरोबर, ‘शी रेसिप्रोकेटेड हिम’ चूक. ‘वी होप टू रेसिप्रोकेट युअर हॉस्पिटॅलिटी’ बरोबर, ‘वी होप टू रेसिप्रोकेट यू’ चूक. कर्म न घेताही हे क्रियापद चालते: ‘ही स्माइल्ड अँड शी रेसिप्रोकेटेड’. परत काय दिले हे सांगायचे झाले तर नामाआधी ‘विथ’ येतो आणि क्रियेआधी ‘बाय’ येतो. ‘शी रेसिप्रोकेटेड विथ अ स्माइल’, ‘दे रेसिप्रोकेटेड बाय ओपनिंग देअर आर्काइव्ह्ज टू अस’. ‘विथ’च्या पुढे परत दिलेली गोष्ट असते आणि कर्माच्या जागी मिळालेली गोष्ट असते. या दोन जागांची अदलाबदल झाली की कोणी कोणाला काय दिले तेच फिरते.

सावधान: ‘रेसिप्रोकेट बॅक’ लिहू नये. परत देणे क्रियापदातच आहे. ‘बॅक’ जोडणे म्हणजे ‘पुन्हा परत फिरून माघारी आला’ म्हणण्यासारखे आहे.

तपासा: क्रियापद काढून तिथे ‘रिटर्न’ घालून पाहावे. ‘रिटर्न हिज अफेक्शन’ जमते, ‘रिटर्न हिम’ म्हटले की माणूस परत पाठवल्यासारखे वाटते. जिथे ‘रिटर्न’ विचित्र वाटेल, तिथे बहुधा ‘रेसिप्रोकेट’ही चुकलेले असते. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण हाताशी असावी अशी आहे.

टप्पा 4: मराठी शब्द निवडा

आता मराठीकडे वळावे. एकच पक्का प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट आधी सोडून द्यावा. मराठीकडे या कामासाठी डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला बंदोबस्त ‘परस्पर’चा करावा, कारण त्याच्या इतका दगाबाज शब्द या यादीत दुसरा नाही. विशेषण म्हणून किंवा समासात तो सरळ वागतो: परस्परसंबंध, परस्परविश्वास, परस्परांचा आदर. क्रियाविशेषण म्हणून तो एकटा सुटला की मात्र ‘मधल्या माणसाला वगळून’, ‘न विचारता’, ‘न कळवता’ असा अर्थ देतो. ‘त्याने परस्पर पैसे काढले’, ‘तिने परस्पर निर्णय घेतला’ ही वाक्ये कोणीही दोघांच्या संमतीची म्हणून वाचणार नाही. मी स्वतः एका कराराच्या भाषांतरात ‘दोन्ही संस्था परस्पर माहिती देतील’ असे लिहिले होते. मूळ मजकुरात एकीने दिली की दुसरीनेही द्यायची, अशी अट होती. मसुदा वाचणाऱ्या अधिकाऱ्याने कागदाच्या कडेला लाल शाईने विचारले, ‘आम्हाला न विचारता कोणाला देतील?’ त्याचे काहीच चुकले नव्हते. ‘दोन्ही संस्था एकमेकींना माहिती देतील आणि एकीने दिलेल्या माहितीच्या बदल्यात दुसरीवरही तेच बंधन राहील’ असे लांबलचक वाक्य अखेरीस लिहावे लागले, पण त्यात वाद घालायला जागा उरली नाही. विशेषणच हवे असेल तर ‘पारस्परिक’ लिहावे. तो शब्द जरा पुस्तकी आहे, पण दुसऱ्या अर्थाकडे घसरत नाही.

‘परतफेड’ हा जवळचा शब्द आहे, मात्र त्याच्या अंगाला कर्जाचा वास आहे. उपकाराची परतफेड होते, कर्जाची होते, आणि अपमानाचीही होते. प्रेमाची ‘परतफेड’ म्हटले की प्रेम देणे लागत होते असे वाटू लागते. ‘उतराई होणे’ यात तर हिशेब मिटवण्याचा भाव आहे; ‘रेसिप्रोकेट’ करणारा माणूस बहुतेक वेळा हिशेब मिटवत नसतो, संबंध चालू ठेवत असतो. ‘पांग फेडणे’ आणखी वेगळे. ते लेकरांनी आईबापांचे फेडायचे असतात, बरोबरीच्या माणसांत हा शब्द शोभत नाही. ‘फिट्टंफाट’ बोलण्यात छान बसतो, पण त्यानंतर दोघांचे एकमेकांकडे काही उरत नाही, आणि औपचारिक लेखनात तो आणता येत नाही.

‘प्रतिसाद’ हा सर्वांत सुरक्षित वाटणारा आणि म्हणूनच सर्वांत जास्त वाया जाणारा शब्द. प्रतिसाद कसाही असू शकतो: थंड, उत्स्फूर्त, अगदी नकारार्थीसुद्धा. म्हणून ‘तिने त्याच्या भावनेला प्रतिसाद दिला’ एवढ्याने तिच्याही मनात तेच होते हे पुरते कळत नाही. ‘तिच्याही मनात त्याच्याबद्दल तेच होते’ असे साधे वाक्य लिहिले तर अर्थ नेमका उतरतो. उलट बाजूसाठी, म्हणजे ‘अनरेसिप्रोकेटेड’साठी, मराठीकडे ‘एकतर्फी’ हा उत्तम शब्द तयारच आहे. ‘अप्रतिसादित’ असले काही घडवण्याची गरज नाही.

‘प्रत्युत्तर’, ‘जशास तसे’, ‘उट्टे काढणे’ हे शब्द वैराच्या बाजूचे. इंग्रजी शब्द तटस्थ आहे. तो स्नेहालाही चालतो आणि शत्रुत्वालाही, तरी रोजच्या वापरात त्याचा कल चांगल्याकडे असतो. त्यामुळे मूळ वाक्यात वैर नसताना ‘प्रत्युत्तर’ लिहिले की वाचकाला भांडण दिसू लागते. ‘देवाणघेवाण’ चांगला शब्द आहे, पण तो दोन्ही बाण एकदम सांगतो, एका बाजूचे पाऊल सांगत नाही. ‘त्याने देवाणघेवाण केली’ हे म्हणूनच अर्धवट वाटते. ‘साटेलोटे’ आज संगनमताच्या अर्थानेच वाचले जाते, तेव्हा सभ्य पत्रव्यवहारात तो शब्द आणू नये.

आता माझ्या मते सर्वांत उपयोगी, पण सर्वांत कमी वापरली जाणारी सोय. मराठीत ‘प्रति’ हा उपसर्ग हे काम अलगद करतो: प्रतिनमस्कार, प्रतिभेट. आणि जिथे उपसर्ग जड होतो, तिथे बोलीतली जोडरचना आहे: नमस्काराला नमस्कार, शब्दाला शब्द, शिवीला शिवी. ‘ही ग्रीटेड मी अँड आय रेसिप्रोकेटेड’ याचे भाषांतर ‘त्याने नमस्कार केला, मीही केला’ इतकेच व्हावे. ‘मीही’तला तो एवढासा ‘ही’ प्रत्यय इंग्रजीतल्या अकरा अक्षरांचे ओझे एकटा उचलतो.

तपासा: निवडलेला मराठी शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचावे आणि स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. कर्ज नसताना कर्ज दिसते आहे का? भांडण नसताना भांडण दिसते आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर शब्द बदलावा.

टप्पा 5: विषय कोणता ते पाहूनच पुढे जा

हाच शब्द शास्त्रांत शिरला की त्याचे मराठी रूप ठरलेले असते, तिथे आपली निवड चालत नाही.

गणितात ‘रेसिप्रोकल’ म्हणजे गुणाकार व्यस्त. ज्या दोन संख्यांचा गुणाकार 1 येतो त्या एकमेकींच्या गुणाकार व्यस्त असतात: 5 चा 1/5, 3/4 चा 4/3. शून्याला गुणाकार व्यस्त नसतो, कारण शून्याला कशानेही गुणले तरी 1 येत नाही. 1 आणि −1 हे दोघे स्वतःचेच गुणाकार व्यस्त आहेत. इथे नेहमीची चूक म्हणजे गुणाकार व्यस्त आणि विरुद्ध संख्या यांत होणारी गल्लत. 5 ची विरुद्ध संख्या −5 आहे. तिथे बेरीज शून्य होते, गुणाकार 1 होत नाही.

मोजमापांतही हा अर्थ जागोजागी दिसतो. चष्म्याचा नंबर म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा गुणाकार व्यस्त: 2 डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर 0.5 मीटर, 4 डायॉप्टरच्या भिंगाचे 0.25 मीटर. 50 हर्ट्झ वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाचे एक आवर्तन 1/50, म्हणजे 0.02 सेकंदात पुरे होते. विद्युतरोधाचे एकक ओहम आणि त्याच्या व्यस्त राशीचे, म्हणजे वाहकतेचे, एकक आज सीमेन्स आहे. पण त्याला पूर्वी ‘म्हो’ म्हणत. इंग्रजीतल्या ‘ओहम’ची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की ‘म्हो’ होते. शास्त्रज्ञांनी केलेली ही कोटी विद्यार्थ्यांना सांगितली की व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

यंत्रांत ‘रेसिप्रोकेटिंग’ म्हणजे सरळ रेषेत मागेपुढे किंवा वरखाली होणारी हालचाल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही मागेपुढे जाणारा असाच होता. इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये असा हलतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करते. इथे ‘परस्पर’ किंवा ‘परतफेड’ लिहिणे हास्यास्पद ठरेल. ‘पश्चाग्र गती’ हा शब्द लिहावा, किंवा सरळ ‘मागेपुढे होणारी हालचाल’ म्हणावे.

व्याकरणात ‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’ ही रेसिप्रोकल सर्वनामे आहेत. मराठीत ‘एकमेक’, ‘परस्पर’ आणि ‘आपापसांत’ हे त्यांचे काम करतात. दोघांसाठी पहिले आणि दोघांपेक्षा जास्त असतील तर दुसरे, असा नियम शाळेत घोकून घेतला जातो. प्रत्यक्ष इंग्रजीत चांगले लेखकही तो पाळतातच असे नाही, तेव्हा त्यावरून कोणाचे गुण कापू नयेत.

कायदा आणि राजनय यांत मात्र हा शब्द खऱ्या अर्थाने जड होतो. करारकायद्यात, ज्या दोन वचनांपैकी प्रत्येक वचन दुसऱ्याचे प्रतिफल असते, म्हणजे दुसऱ्याच्या बदल्यात दिलेले असते, त्यांना रेसिप्रोकल वचने म्हणतात. एकाने आपले वचन पाळायची तयारी दाखवली नाही, तर दुसऱ्यावरचे बंधनही ढिले पडू शकते. दोन देशांतल्या संबंधांत रेसिप्रॉसिटी म्हणजे तुम्ही आमच्या नागरिकांना जसे वागवाल तसेच आम्ही तुमच्यांना वागवू. हे तत्त्व नेहमी गोडच असते असे नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 47 मध्ये भेदभावाला मनाई आहे. तरीही एका देशाने एखादी तरतूद आखडत्या हाताने लागू केली, तर दुसऱ्यानेही ती तशीच लागू करणे हा भेदभाव मानला जात नाही. अशा मजकुरात ‘सदिच्छेची देवाणघेवाण’ असे भाषांतर केले तर अनर्थ होईल.

सावधान: शब्द अधिकृत मजकुरात आला म्हणून वस्तुस्थितीही तशीच असेल असे मानू नये. 2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने ‘रेसिप्रोकल टॅरिफ’ जाहीर केले तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘तुम्ही जितका कर लावता तितकाच आम्ही लावू’ असा घेतला. प्रत्यक्षात देशादेशांचे दर त्या देशांच्या आयातशुल्कावरून काढलेले नव्हते. त्या देशाशी असलेल्या अमेरिकेच्या व्यापारी तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागून, येणाऱ्या आकड्याच्या साधारण निम्मा दर धरला होता, आणि किमान 10 टक्के ठेवले होते. म्हणजे दुसरा बाण पहिल्याच्या जातीचा नव्हता. अशा वेळी भाषांतरकाराने काय करावे? नाव आहे तसे लिहावे आणि त्याचा हिशेब पुढच्या वाक्यात सांगावा. ‘जशास तसे शुल्क’ असे मथळ्यात लिहिले की घोषणा करणाऱ्याचा दावा आपणच खरा ठरवून टाकतो.

समाजशास्त्राच्या वाचकांसाठी एक सूचना. मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांनी रेसिप्रॉसिटीचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात परतीचा हिशेब ठेवला जात नाही, दुसऱ्यात ठरलेल्या मुदतीत बरोबरीचे परत येते, आणि तिसऱ्या, ‘निगेटिव्ह’ प्रकारात काही न देता घ्यायचे असते. या तिसऱ्याचे भाषांतर ‘सूड’ असे केलेले वाचनात येते. ते चूक आहे. तिथे सूड नाही, लुबाडण्याचा प्रयत्न आहे. जीवशास्त्रात रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये मांडलेल्या ‘रेसिप्रोकल आल्ट्रुइझम’लाही ‘परस्पर परोपकार’ म्हणण्यापेक्षा ‘परतीच्या अपेक्षेवर टिकणारा परोपकार’ म्हटलेले बरे, कारण त्या कल्पनेचा सगळा जोर परत मिळण्यावरच आहे.

टप्पा 6: शब्द जागेला शोभतो का ते पाहा

‘रेसिप्रोकेट’ हा कोट घातलेला शब्द आहे. आभारपत्र, करार, निबंध, अहवाल यांत तो नीट बसतो. मित्राला पाठवायच्या दोन ओळींत तो ताठ वाटतो. तिथे ‘रिटर्न द फेवर’ किंवा ‘डू द सेम फॉर यू’ पुरे. आणखी एक गोष्ट सांभाळावी. स्वतःच्या कृतीबद्दल हा शब्द नम्र वाटतो, पण दुसऱ्याकडून अपेक्षा म्हणून लिहिला की तगादा वाटतो. ‘आय होप यू विल रेसिप्रोकेट’ हे वाक्य ज्याला मिळते, त्याला आपण दिलेले बिल मिळाल्यासारखे वाटते. मदत मागायचीच असेल, तर तिचे नाव घेऊन मागावी.

टप्पा 7: शेवटचे वाचन

एका विद्यार्थिनीने मला दाखवलेल्या आभारपत्रातला हा मजकूर पाहावा: ‘यू हेल्प्ड मी व्हेरी मच. आय विल डेफिनेटली रेसिप्रोकेट यू बॅक. आय होप अवर रेसिप्रोकल फ्रेंड विल ऑल्सो थँक यू.’ तीन वाक्यांत तीन चुका आहेत. माणूस कर्म झाला आहे, ‘बॅक’ फुकट आले आहे, आणि सामाईक मैत्रिणीला रेसिप्रोकल केले आहे. चौथी अडचण व्याकरणाची नाही. ज्यांना हे पत्र जायचे होते त्या निवृत्त प्राध्यापिका होत्या आणि त्यांनी प्रबंधाचे कच्चे खर्डे तपासून दिले होते. बाण काढून पाहिला तर परतीच्या बाणावर लिहायला या मुलीकडे त्याच जातीचे काहीच नव्हते, कारण ती त्यांचे खर्डे तपासणार नव्हती. म्हणून क्रियापद दुरुस्त करून भागत नव्हते, ते काढूनच टाकावे लागले. पत्र शेवटी असे गेले: ‘यू रेड एव्हरी ड्राफ्ट ऑफ माय थीसिस विथ केअर, अँड आय ॲम ग्रेटफुल. अवर म्युच्युअल फ्रेंड सेंड्स हर थँक्स टू.’ मराठीत तिने खाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: ‘बाई, याची परतफेड मला करता येणार नाही, आणि तुम्हाला ती नकोही असेल.’ ‘परतफेड’ हा शब्द तिथे अगदी बरोबर बसला होता.